हवेतून वेचलेला कापूस

“हे कोनी माननार नाही,” पंजाबरावांनी सुरुवात केली, “आन् जो मानन त्याच्या अकलेची मले फिकीर हाये. पन परवा आपल्या बेलदरीच्या हवेत कावळा अटकला. उडता उडता अटकला. ना वर, ना खाली.”

जानेवारीची सकाळ होती. शब्बीर पिंजाऱ्याच्या गादीच्या दुकानापुढच्या बाकावर नेहमीची मंडळी उन्हाला पाठ देऊन बसली होती. मग त्या कावळ्याचं काय झालं, असं कोणीतरी विचारलं. पंजाबराव म्हणाले, व्हायचं काय, दोन दिवस तिथंच पंख मारत राहिला, शाळेत जाणाऱ्या लेकरांनी त्याला खालून पोळीचे तुकडे फेकले, आणि शेवटी शब्बीरनं बांबूनं हवा विंचरून त्याला मोकळं केलं. गादीला टाका घालता घालता शब्बीरनं मान वर न करता साक्ष दिली की बांबू नव्हता, शिडी होती. बाक खदखदून हसला, आणि हसता हसता अख्खा बाक खोकायला लागला. त्या दिवसांत बेलदरीत हसणं आणि खोकणं वेगळं काढता येत नसे.

पंजाबरावांची ख्यातीच तशी होती. त्यांनी कधी खरं सांगितलं असेल तर ते चुकून, आणि चूक ध्यानात आली की लगेच दुरुस्त करून. शब्बीरच्या बायकोची, हुस्नाबीची, काळी शेळी सकाळी चरायला गेली, ती संध्याकाळी पांढरी होऊन परतली, आणि धनगर तिला आपली मेंढी म्हणून हाकत घेऊन गेला, हे त्यांनीच सांगितलेलं. भीमनगरातून निघालेला काळ्याभोर केसांचा नवरदेव मंडपात पोचेस्तोवर पिकला आणि म्हातारा जावई आणला म्हणून सासऱ्यानं अक्षता परत मागितल्या, हेही त्यांचंच. एसटीची वाट पाहणारी माणसं गाडी चुकवून त्यांचं ऐकत.

पण या सगळ्या थापांच्या बुडाशी असलेली हवा मात्र थाप नव्हती.

कळंबच्या रस्त्याला लागून असलेलं बेलदरी हे गाव म्हणावं तर मोठं आणि शहर म्हणावं तर लाज वाटावी असं ठिकाण. पावसाळ्यात तिथली हवा बाटलीत भरून विकावी अशी. मग सोयाबीन निघतं आणि मळणीतून उरलेलं कुटार शेताशेतातून पेटतं. ते विझतं न विझतं तोच जिनिंग सुरू होतं. कापूस रेच्यात जातो, रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे, आणि मधलं जे ना इकडचं ना तिकडचं, ते बारीक मळकं तूस मोठ्या पंख्यानं बाहेर फेकलं जातं. ते होळीपर्यंत. होळीच्या आगेमागे कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटतात. म्हणजे बेलदरीच्या माणसानं श्वास घ्यायचा तो पावसाळ्यातच भरून ठेवावा आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवावा.

मालकाचा बंगला जिनिंगच्या पुढच्या अंगाला होता. पंख्याचं तोंड मागच्या अंगाला होतं. मागच्या अंगाला भीमनगर होतं, आणि भीमनगराला लागून पिंजाऱ्यांची गल्ली. हा ज्याला योगायोग वाटतो, त्यानं पंजाबरावांच्या कावळ्यावरही विश्वास ठेवावा.

कावळ्याची गोष्ट बाकावर यशस्वी झाली म्हणून पंजाबराव ती तशीच गरम गरम घरी घेऊन आले. घरी त्यांची खरी परीक्षा असे. नात मैत्रेयी, चौथीतली, जिल्ह्यातली सर्वांत कडक परीक्षक. शेळीची गोष्ट ऐकून तिनं विचारलं होतं की मेंढी समजून नेली तर मग धनगराच्या कुत्र्याला वास कसा आला नाही. त्या कुत्र्याला सर्दी लावायला पंजाबरावांना दोन दिवस लागले. मुलगा बुटीबोरीला कंपनीत, सून जया अंगणवाडीत, म्हणून दुपारची ही दोघंच एकमेकांच्या वाट्याला येत.

त्यांनी कावळा अडकवला, पोळीचे तुकडे फेकले, शिडी लावली. मैत्रेयीनं काहीच विचारलं नाही.

ती दाराच्या उंबरठ्यावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान पुढं काढून. खांदे वर खाली होत होते आणि छातीतून फाटक्या भात्यासारखा आवाज येत होता. तिला विचारायचं होतं. डोळ्यांत प्रश्न दिसत होता. पण प्रश्न विचारायला हवा लागते. तिचे ओठ जांभळासारखे झालेले पाहिले तेव्हा पंजाबरावांच्या तोंडातला कावळा तिथंच मेला.

शब्बीरनं टेम्पोतल्या गाद्या रस्त्यावर उतरवल्या, अंगणवाडीतून जयाला घेतलं आणि तिघांना यवतमाळला नेलं. वाटेत जया लेकीची पाठ चोळत राहिली. दवाखान्यात वाफ दिली, सुई दिली, रात्रभर नळी लावली. सकाळी मैत्रेयीचे ओठ परत ओठांच्या रंगाचे झाले. डॉक्टरनं घर कुठं आहे ते विचारलं, जिनिंगच्या मागं म्हटल्यावर पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की औषध मी देतो, हा हंगाम त्यावर निघेल, पण पुढच्या वर्षी दिवाळी ते होळी हिला त्या हवेत ठेवू नका. पुन्हा असं झालं तर यवतमाळपर्यंत पोचालच असं नाही.

जयानं त्याच दिवशी ठरवलं. तिचा भाऊ झरी जामणीला मास्तर होता. तिथं जंगल होतं, जिनिंग नव्हतं. पुढच्या दिवाळीला मैत्रेयीचं नाव तिकडच्या शाळेत घालायचं.

“म्हंजे पोट्टीले घराच्या बाहेर काढाचं,” पंजाबराव म्हणाले, “आन् पंख्याचं काय?”

“पंख्याले माहं काही सांगनं नाही, मामाजी,” जया म्हणाली. “पंखा माहं लेकरू नाही.”

 मैत्रेयीनं निरोपाची भाषा आधीच सुरू केली. आबाजींनी झरीला भेटायला यावं, गोष्टी सांगाव्या, फक्त एसटीत कंडक्टरला गोष्ट सांगू नये, तो जंगलात उतरवून देईल, असं ती त्यांना बजावायची. ते हसायचे. मग घराच्या मागं जाऊन जिनिंगच्या भिंतीकडं पाहत उभे राहायचे, आणि त्यांच्या जुन्या, लवचिक, थापाड्या जिभेवर अशा शिव्या यायच्या की ज्या आयुष्यात त्यांनी बैलालासुद्धा दिल्या नव्हत्या.

राग त्यांना नवीन होता. आयुष्यभर त्यांनी रागाची गोष्ट केली होती. सावकार असो, पटवारी असो, दुष्काळ असो, त्याला एक शेपूट लावायचं, दोन शिंगं लावायची आणि बाकावर नाचवायचं. लोक हसले की तो अर्धा मरायचा. पण उंबरठ्यावर बसलेल्या त्या पोरीला शेपूट लावता येईना.

म्हणून पावसाळा लागता लागता त्यांनी एक अचाट काम करायचं ठरवलं. खरं बोलायचं.

पांढरा सदरा घातला, निळा गमछा खांद्यावर टाकला आणि ज्या कचेरीत हवेची तक्रार घेतात तिथं गेले. साहेब तरुण होते, स्वभावानं वाईट नव्हते. पंजाबरावांनी मीठमिरची न लावता सगळं सांगितलं. पंख्याचं तोंड, भीमनगर, तूस, नात, जांभळे ओठ. इतकं कोरडं ते कधी बोलले नव्हते. बोलताना आपलाच आवाज त्यांना परक्या माणसाचा वाटत होता.

सांगून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं तर साहेब ओठ दाबून बसले होते. शिपाई बेलदरीचा होता. त्यानं आधीच साहेबांच्या कानात कावळा सोडला होता.

साहेबांनी सभ्यपणे समजावलं. बेलदरीची हवा मोजलेली आहे, कचेरीच्या गच्चीवर यंत्र ठेवून मोजलेली आहे, आणि ती समाधानकारक निघाली आहे. कधी मोजली, असं पंजाबरावांनी विचारलं. गेल्या भाद्रपदात, असं कळलं. भाद्रपदात रेचा बंद असतो, पंखा बंद असतो, कापूस बोंडात असतो. भाद्रपदात मोजली तर हवाच काय, मालकाची नियतसुद्धा समाधानकारक निघेल, असं पंजाबराव म्हणाले. त्यावर शिपाई हसला. साहेब म्हणाले की जिनिंगनं हमी दिली आहे, मागं जाळी बसवलेली आहे, एक धागा बाहेर जात नाही.

“जाते, साहेब. मी तिथंच राह्यतो.”

“आजोबा, त्यांच्या स्वतःच्या माणसानं माझ्यासमोर सांगितलं ना, की बाहेर जातं, तर मी त्याच मिनिटाला काम थांबवतो. जाळी लागेपर्यंत रेचा फिरू देणार नाही, हा माझा शब्द. पण तुमच्या कावळ्यावर मला जिनिंग बंद करता येत नाही.”

मग मात्र साहेबांनाही राहवलं नाही, आणि ते, शिपाई आणि शेजारच्या टेबलावरची बाई असे तिघं मिळून हसले. बेलदरीत पंजाबरावांनी हजारदा लोकांना हसवलं होतं, पण त्या हजारांतलं एकही हसू त्यांना असं झोंबलं नव्हतं. सगळ्या खोट्यांना गावानं टाळी दिली होती. एकच खरं घेऊन ते दारात गेले, तर त्यालाही टाळीच मिळाली.

त्या दिवसापासून त्यांनी गोष्ट सांगणं सोडलं. बाकावर यायचे, बसायचे, निघून जायचे. मंडळी हळूहळू पांगली. एसटी वेळेवर भरायला लागली. शब्बीरला हे सोसवेना. त्यानं दोनतीनदा स्वतःच कावळ्याला शिडीवरून उतरवून पाहिलं, पण त्याच्या हातून तो कावळा कावळाच राहायचा.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा पंजाबराव सकाळीच दुकानात शिरले आणि म्हणाले, “शब्बीर, तुह्याजवळ सगळ्यात चांगली रुई कोनती हाये?”

शब्बीरनं कोपऱ्यातला ढीग दाखवला. एका डॉक्टरीणबाईच्या मुलीच्या लग्नाच्या गाद्यांसाठी खास आणलेली, लांब धाग्याची, दोनदा पिंजलेली. हातात घेतली तर दुधावरच्या सायीसारखी ओढली जायची.

“मले पाह्यजे. गाडीभर दिसली पाह्यजे. आठ दिवसांत वापस करतो.”

“पर काहून, भाऊ?”

“खोटं बोलाचं हाये.”

शब्बीरच्या चेहऱ्यावर पावसाळाभर न दिसलेला उजेड आला. त्यानं पुढं काही विचारलं नाही. फक्त खाली कुटार घालून वरून रुई पसरली तर गाडी भरलेली दिसेल, एवढा कारागिरीचा सल्ला दिला.

जिनिंगचा हंगाम काटापूजनानं सुरू होतो. मोठ्या वजनकाट्याला हार घालायचा, नारळ फोडायचा, आणि फाटकावर जी गाडी पहिली उभी असेल तिचा मान करायचा. बैलांना कुंकू, गाडीवानाला टोपी, मालाच्या धन्याला शेला. मग धन्यानं चार शब्द बोलायचे. बाकीचा सगळा कापूस आता ट्रॅक्टरनं आणि टेम्पोनं येतो, पण पहिली गाडी बैलांचीच लागते. आणि काहीही झालं तरी ती परत फिरवायची नाही. पहिली गाडी फिरवली तर वर्षभर काटा हलका राहतो, हे मालकाचा आजा मानायचा, बाप मानायचा, आणि मालक यवतमाळच्या कॉलेजात शिकला असला तरी तोही मानायचा. बाकीच्या कशाला तो मानत असेल तर ते कोणाच्या ऐकिवात नाही.

अर्थात मालक नशिबावर काही सोडत नसे. त्याच्या साडूची सजवलेली गाडी दरवर्षी पहिली यायची. यंदाही ती आली, घुंगरू वाजवत, ठरल्या वेळी. पण फाटकाला नाक लावून लखनची जुनी गाडी पहाटेपासून उभी होती. लखन तांड्यावरचा, पंजाबरावांच्या शेताशेजारचा. त्यालाही खोकला होताच. बैलांना कोणी सजवलं नव्हतं, पण ते बैल होते, एवढं कोणाला नाकारता येत नव्हतं.

वॉचमननं गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. लखन म्हणाला की बैल अडेल आहेत. तेवढ्यात नागपूरचे व्यापारी उतरले, पाहुणे उतरले, हवेचे साहेबही उतरले, कारण यंदा त्यांनाही आमंत्रण होतं. सगळ्यांसमोर पहिली गाडी कोणती ते दिसत होतं. मालकाच्या म्हाताऱ्या मुनीमानं मालकाच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. मालकाचा चेहरा आंबला, मग गोड झाला, आणि फाटक उघडलं.

घरी जयानं मैत्रेयीची बॅग भरून ठेवली होती. उद्या सकाळची पांढरकवड्याची एसटी, तिथून पुढं झरी. रेचा एकदा फिरला की मैत्रेयीनं इथं थांबायचं नाही, असं तिनं म्हटलं होतं.

आधी मालक बोलला. आधुनिक यंत्रं आहेत, म्हणाला. पर्यावरणाची काळजी आहे. मागं जाळी आहे, आमच्या भिंतीबाहेर एक धागा जात नाही. हवेचं म्हणाल तर शेतकरी बांधवांनी पऱ्हाट्या आणि कुटार जाळणं बंद करावं, मग बेलदरी स्वित्झर्लंड होईल. साहेबांनी मान डोलावली.

पंजाबराव गाडीपाशी उभे राहून ऐकत होते. कुटार त्यांनीही जाळलं होतं, नाही असं नाही. तो धूर आठवड्याचा असतो आणि जाळणाऱ्याच्या डोळ्यांतही जातो. हा माणूस चार महिने दुसऱ्याच्या लेकराच्या छातीत कचरा ओततो आणि वर जाळी सांगतो. जाळी होती, खरं आहे. मागच्या भिंतीशी गुंडाळून ठेवलेली होती, आणि तिच्यात कुत्री व्याली होती. पंजाबरावांनी दोन्ही हात गाडीच्या दांडीवर दाबून धरले. रागावून बोललो तर पुन्हा खरं बोलेन, त्यांनी स्वतःला बजावलं, आणि खऱ्याचं काय होतं ते आपण पाहिलं आहे.

शेला घातला गेला. फोटो निघाले. हातात माईक आला.

“मालक, जयभीम. पाहुने मंडळी, जयभीम,” ते म्हणाले. “माह्या वावरात कापूस नाही. औंदा मी सोयाबीन पेरलं होतं. मंग हा कापूस कुठला, म्हनान. तं हा मी हवेतून वेचला.”

ज्यांना पंजाबराव ठाऊक होते ते आधीच हसायच्या तयारीत होते. पंजाबरावांनी गावाला त्याचं हसू दिलं. पावसाळाभर अडवून धरलेलं सगळं एकदम सोडलं. मागच्या हंगामात भीमनगरातल्या बायका सकाळी अंगण झाडायच्या ऐवजी वेचायला लागल्या. वाळत घातलेल्या दोरीवर सकाळी सदरा टाकावा आणि संध्याकाळी रजई काढावी. एका म्हाताऱ्याची दाढी इतकी वाढली की नातवंडांनी तिची उशी केली, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की म्हाताऱ्याला दाढीच नव्हती. हुस्नाबीनं हवेला फक्त खोळ धरली, तर गादी आपोआप भरून, शिवून, बाजेवर जाऊन पडली. असं वेचत वेचत ही गाडी भरली, आणि ज्याचा माल त्याला परत करावा म्हणून आणली.

मांडव गदगदा हसला. व्यापारी हसले. साहेब हसले, आणि या वेळी ओठ दाबण्याचीही त्यांनी तसदी घेतली नाही. सर्वांत मोठ्यानं मालक हसला. म्हाताऱ्यानं कचेरीत तक्रार केल्याचं त्याच्या कानावर होतं, म्हणून शेला घालताना तो जरा ताठ झाला होता. आता तो खुर्चीत सैल बसला. शेजारच्या व्यापाऱ्याला त्यानं सांगितलं की हा आमच्या गावचा थापाड्या आहे.

एकच माणूस हसत नव्हता. काट्याशेजारी उभा असलेला श्रावण, जिनिंगचा ग्रेडर. गाडीतला कापूस कोणत्या भावाचा ते हा ठरवायचा. चिमूट उचलायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, धाग्याची लांबी पाहायची आणि एका शब्दात निकाल द्यायचा. त्याच्या शब्दावर नागपूरचे व्यापारी डोळे मिटून गाठी उचलत. श्रावण माणूस सरळ होता, मालकाचं खाऊन मालकाविरुद्ध कधी बोललेला नव्हता, विचारलं असतं तरी बोलला नसता. पंजाबराव वर्षानुवर्षं त्याच्यापुढं कापूस घेऊन उभे राहिले होते. त्यांना एवढंच माहीत होतं की या माणसाच्या घराला आग लागली तर तो शांतपणे पाणी मागेल, पण त्याच्या बोटांना कोणी नाव ठेवलं तर तो स्वतः आग होईल. गाडीतल्या त्या पांढऱ्याशुभ्र ढिगाकडं तो मघापासून कपाळाला आठी घालून पाहत होता.

आज त्याला वापरायचं, हे पंजाबरावांच्या मनाला लागलं. पण मग त्यांना उंबरठा दिसला, आणि लागलेलं पुसलं गेलं.

“मालकाचे उपकार मानाले पाह्यजे,” ते पुढं म्हणाले. आता आवाज मऊ होता, हसू तेवढंच होतं, फक्त नजर श्रावणवर होती. “पाहा ही रुई. असा धागा जिल्ह्यात सापडत नाही. आन् मालक असे दिलदार, का हा पहिल्या नंबरचा माल पंख्यातून आमच्या भीमनगरावर उधळते. कचरा मात्र सांभाळून ठेवते, त्याच्या गाठी बांधते आन् या नागपूरच्या मंडळीले विकते. त्यात मालकाचा दोष नाही. श्रावणभाऊची बोटं आता बुढी झाली. चांगलं कोनतं, कचरा कोनता, त्यायले समजून नाही राह्यलं. पंख्यात भलतंच घालून राह्यले.”

हसू मांडवभर पसरलं, पण व्यापाऱ्यांच्या रांगेपाशी येऊन जरा अडखळलं. त्यांतल्या एकानं मान वळवून श्रावणकडं पाहिलं. नुसतंच पाहिलं.

तेवढं पुरलं. श्रावण काट्यापासून निघाला. मालकानं त्याला हातानं थांब म्हटलं, ते त्यानं पाहिलं नाही. तो गाडीपाशी आला, ढिगात कोपरापर्यंत हात घातला, चिमूट काढली आणि दोन्ही अंगठ्यांत ओढली. धागा लांबत गेला, लांबत गेला, तुटला नाही. त्यानं दुसरी चिमूट काढली. तिसरी काढली तेव्हा खालचं कुटार वर आलं. श्रावणचा चेहरा तांबडा झाला होता. पंजाबरावांनी, पाहुण्यापुढं पाण्याचा गडू धरावा तसा, त्याच्या तोंडापुढं माईक धरला. समोरच्या रांगेत, कचेरीत शब्द दिलेले साहेब अजून डोळे पुसत होते.

“खोटं बोलून राह्यला हा बुढा,” श्रावणचा आवाज भोंग्यातून अख्ख्या बेलदरीवर गेला. “साफ खोटं. ही दोनदा पिंजलेली रुई हाये, गादीवाल्याच्या घरची. माह्या पंख्यातून असा धागा आजलोक एक बाहेर गेला नाही. माह्या पंख्यातून जाते ते आखूड, काळं, सरकीच्या सालीचं तूस, पोत्यानं जाते, रोज जाते, जाळी तं कधी लावलीच नाही. कोनाले खरं पाह्याचं असन त्यानं भीमनगरात जावं, घराघरात तेच भरलं हाये.”